अमानत ठेवलेला चेहरा

मी एक जुना पेटी-कॅमेरा आहे, मित्रांनो. कॅमेरा म्हटलं की तुम्हाला काहीतरी ऐटबाज वाटेल, पण मी दिसायला चहाच्या डब्यापेक्षा फार बरा नाही. पुढे काचेचा एक डोळा, वर पाहायला एवढीशी खिडकी आणि बाजूला दाबायची दांडी, एवढाच माझा थाट. जन्म विलायतेतला. नंदुरबारच्या रेल्वे गार्डसाहेबांनी मला आणलं आणि बदली झाल्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दाऊदभाईंना देऊन टाकलं.

दाऊदभाईंनी पहिली फिल्म भरली, गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो काढले आणि फोटो आले का ते बघायला भर उन्हात माझं पोट उघडलं! झालं, सगळी फिल्म वाया गेली. वर शिव्या मला.

खरं काम शिकली ती त्यांची बायको साबिरा. गार्डसाहेबांच्या बाईनं तिला दोन दुपारी बसवून सगळं दाखवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावायची, कंदिलाला लाल कापड गुंडाळायचं, एनॅमलच्या थाळीत औषधाचं पाणी घालायचं. मग फिल्मची दोन्ही टोकं धरून ती पाण्यातून खालीवर, खालीवर करत राहायची, पाळणा हलवावा तशी. शेवटी हायपोचं पाणी. त्यात बुडवलं की चित्र कायमचं टिकतं, नाहीतर उजेड त्याला खाऊन टाकतो. पहिली फिल्म तिनं अंगणात वाळत घातली, तर शेजारच्या पथारीवरच्या मिरच्यांची धूळ उडून ओल्या फिल्मला चिकटली. सगळ्यांना देवी आल्यासारखी तोंडं! साबिरा शिंकत शिंकत हसली. दुसरी फिल्म तिनं कोठीत वाळवली आणि चेहरे स्वच्छ आले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. पुरुषासमोर त्या कधीच बसल्या नसत्या, पण माझ्यामागे साबिरा होती. शेजारची मेहरुन्निसा सगळ्यांत शेवटी आली. तिची लेक सुरतेला दिलेली, तिला आईचा चेहरा हवा होता. मेहरुन्निसानं दार लावून घेतलं, बुरखा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला मीच तिची लेक असल्यासारखं वाटलं.

"हाऊ फोटू मन्ही पोरलेच देजो," ती म्हणाली. "हाई अमानत शे."

"अमानत शे," साबिरा म्हणाली.

फिल्मवर एक चौकट उरली होती. मेहरुन्निसा म्हणाली, "ती तुन्ही. सगळासना फोटू काढस, तुन्हा कोन काढी? ईदना दिन मी दांडी दाबसू." साबिरा लाजली. पण तिनं माझ्या कानात, म्हणजे माझ्या डोळ्यावर पदर फिरवत, "ठेव हं राखून" असं म्हटलेलं मी ऐकलं. पुढचं काम तिनं अडवून ठेवलं नाही. अंधारात तेवढा कोरा तुकडा कापून पुन्हा माझ्या पोटात गुंडाळून ठेवला आणि बाकीची फिल्म धुतली.

सुरतेला फोटो गेला. पण दाऊदभाईंनी कशाला ते न सांगता साबिराकडून एक जादा प्रत काढवून घेतली होती. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांनी तंबू टाकला आणि घोड्यांच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर, दोरीला, मेहरुन्निसाचा चेहरा टांगला! येणाराजाणारा थांबून बघत होता. साबिरानं ते पाहिलं तेव्हा तिच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

"तो उतारी ल्या," ती म्हणाली. "मी जबान देयेल शे."

"देखीसन दुसऱ्या बाया येतीन," दाऊदभाई म्हणाले. "धंदा शे हाऊ."

बातमी आमच्याआधी नंदुरबारला पोचली. मेहरुन्निसा दारात आली, पण उंबरा ओलांडला नाही.

"मी तुन्हाकरता बसनू, साबिरा. त्या डब्बाकरता नही."

डबा! मित्रांनो, मी तिचा चेहरा पोटात अंधारात जपला होता. माझ्याच नावावर दगा झाला आणि मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या यात्रेला दाऊदभाईंनी बायकांच्या नव्या प्रती मागितल्या. साबिरा कामाला लागली. तिनं फिल्मखाली कागद ठेवून सगळ्या प्रती उन्हात छापल्या, पण हायपोच्या थाळीला हात लावला नाही. दाऊदभाईंनी त्या दिमाखात दोरीला टांगल्या. ऊन चढलं तशा त्या काळवंडत गेल्या. दुपारपर्यंत एकही चेहरा उरला नव्हता आणि लोक हसत होते. साबिरानं फिल्मचे तुकडे घरोघरी जाऊन ज्याचे त्याला परत दिले. मेहरुन्निसानं तिचा घेतला आणि दार लावून घेतलं.

दाऊदभाईंनी मला पेटाऱ्यात आदळलं. साबिरानंही पुन्हा कधी माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा राग मला कळतो. पण माझं दुःख तिला कळलं असतं, तर बरं झालं असतं.

मित्रांनो, माझ्या काचेवरची धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. कुणी विश्वासानं आपला चेहरा तुमच्या हाती दिला, तर मात्र तो त्याला विचारल्याशिवाय कुणाला दाखवू नका. अनेक ईदी येऊन गेल्या. माझ्या पोटात तो कोरा तुकडा अजून तसाच आहे. त्यावर साबिरा यायची होती.