शेवटच्या घराची बारी

एकोणतीस वर्षांच्या माणसाचं नाव काकासाहेब असणं, ही आपल्याकडंच खपणारी गोष्ट. कंपनीत नवीन पोरं आली की आधी नाव ऐकून वाकायची, मग तोंड बघून हसायची. काकासाहेबला त्याचं काय वाटत नव्हतं. त्याला वाटायचं ते वेगळंच. त्याला वाटायचं, आपण नावासारखेच झालो. न चालता म्हातारे झालो.

संभाजीनगर वाईट नाय. हे तो स्वतःच कुणालाही सांगायचा. बाहेरचे लोक येतात, लेणी बघतात, नान खलिया खातात, दोन दिवसांत खुश होऊन जातात. बाहेरच्याला दोन दिवस पुरतात. आतल्याला मात्र जन्म काढायचा असतो, आणि तो सगळा एका जालना रोडवर निघतो. काकासाहेब त्याच रोडवरच्या दवाखान्यात जन्मला. त्याच रोडला लागून आयटीआय केला. बाप वारला तेव्हा त्याला त्याच रोडनं नेला. आणि रोज सकाळी साडेसहाला मुकुंदवाडीच्या चौकातून कंपनीची बस धरून तो त्याच रोडनं वाळूजला जायचा, लेथ मशीनवर आठ तास उभा राहायचा आणि त्याच रोडनं परत यायचा. सरळ, सपाट, धुळीचा रोड. बसच्या खिडकीतून दिसणारी एकेक पाटी त्याला पाठ होती. कोणत्या पाटीवरचं कोणतं अक्षर उडालंय हे सुद्धा.

त्याच्या आयटीआयच्या वर्गातले बावीस जण पुण्याला गेले. दिवाळीला यायचे, नवे बूट घालून, आणि विचारायचे, "काक्या, तू अजून इथंच का?"

हे 'अजून' त्याला बुटापेक्षा जास्त लागायचं.

लग्नाचंही तसंच. लासूर स्टेशनचं एक स्थळ आलं होतं. मुलीचा बाप अडतीवर बसणारा, शहाणा माणूस. चहा पिऊन झाल्यावर त्यानं दोनच प्रश्न विचारले. मुलगा पुढं पुण्याला जाणार का? आणि इथं पाणी किती दिवसाला येतं?

"आठ दिवसाला," काकासाहेबची आई चतुराबाई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नाय.

तो माणूस हसला. "आमच्या खेड्यात तिसऱ्या दिवशी येतं," म्हणाला, आणि पुन्हा काय आला नाय.

तर गोष्ट अशी की काकासाहेबला चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. पत्र त्यानं मोबाईलमध्ये चार दिवस लपवलं. लपवायचं कारण आईचा राग नव्हता. आईला काय वाटंल हे त्याला माहीत होतं, ती रडणार नव्हती की भांडणार नव्हती. ती फक्त विचारणार होती, "आन् पाणी?"

तेच तिनं विचारलं.

पाणी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी रोज येतं त्याला कळणार नाय. आठव्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, आज अमुक ते अमुक. मग घरात एक धडधाकट माणूस लागतोच. नळाला मोटार जोडायची, पाईप जिन्यावरून गच्चीवर न्यायचा, टाकी भरली की खाली ड्रम, ड्रम झाले की हंडे, तांबे, कुकरसुद्धा. चतुराबाईचे दोन्ही गुडघे गेलेले. ती जिना बसून चढायची, एकेक पायरी. लोक सुट्ट्या टाकतात पाण्यासाठी. काकासाहेबच्या साहेबाला तर रजेच्या अर्जावर कारण वाचायची गरजच नव्हती.

"पाण्याचं मी बघतो," काकासाहेब म्हणाला.

आणि त्यानं खरंच बघितलं. इंजिनियर नसला तरी हात चालायचे त्याचे. मोबाईलवर व्हिडिओ बघून, जुन्या बाजारातून सामान आणून चार संध्याकाळी खपून त्यानं एक मशीन केली. नळाच्या तोंडाशी प्लास्टिकचा डबा. पाणी आलं की डब्यात पडणार, आतला तरंगता फ्लोट वर उचलला जाणार, मोटार आपोआप चालू. गच्चीवरची टाकी भरली की तिथला दुसरा फ्लोट मोटार बंद करणार. बादलीनं पाणी ओतून त्यानं दहा वेळा चालवून बघितली. दहाही वेळा चालली.

चतुराबाई खुर्चीत बसून बघत होती. "माणसापेक्षा बरीय," म्हणाली. "उलटून तरी बोलत नाय."

शनिवारी पाण्याचा दिवस होता. रविवारी दुपारी पुण्याची बस. म्हणजे परीक्षा शनिवारीच.

"मी घरी थांबणारच नाय," तो म्हणाला. "मी नसताना चालली तरच खरं. तू हात लावायचा नाय. काय बी झालं तरी."

"बरं."

"दार लावून कूलरपाशी पड निवांत."

"पडते की. कोण म्हणतंय नाय?"

तो औरंगपुऱ्यात गेला. न्यायला एक चांगली बॅग घ्यायची होती. दुकानांमागं दुकानं फिरला. घाई नव्हती. पाण्याच्या दिवशी, पाण्याच्या वेळेला, भर दुपारी तो घराबाहेर होता, असं दहा वर्षांत पहिल्यांदा. उसाचा रस प्याला. रिक्षा, गर्दी, हॉर्न, सगळं त्याला एकदम पाहुण्यासारखं दिसायला लागलं. अरे, बरंय की हे गाव, असं वाटलं. जायचं ठरलं की गाव बरं दिसतं.

बॅग खांद्याला लावून तो अडीचला घरी आला. आई दारातच उभी. तोंड भरून हसत होती.

"भरली रे. टाकी पार काठोकाठ. आन् आपली आपण बंद झाली. मी बोट लावलं नाय."

त्यानं गच्चीवर जाऊन झाकण उघडलं. खरंच. पाणी काठाला टेकलेलं, वर आभाळ पडलेलं. त्यानं हात घातला. सुटलो, असं तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

आणि मग त्यानं वरून गल्लीत बघितलं.

गल्लीतलं शेवटचं, नववं घर राहत आपाचं. घरापुढं चार निळे ड्रम ओळीनं उभे. झाकणं बाजूला काढून ठेवलेली. वरून आत दिसत होतं. चारही कोरडे.

काकासाहेबला त्याच क्षणी कळलं काय झालं ते.

त्यांच्या गल्लीत नऊ घरं. सगळी कुठल्या ना कुठल्या खेड्यातून आलेली. विहिरीच्या पाण्याची भावाभावांत बारी कशी लागते, हे लहानपणापासून बघितलेली. म्हणून नळाला पण त्यांनी बारी लावली होती. पाईपलाईन गल्लीत शिरते ती काकासाहेबच्या घरापाशी. त्याची मोटार आधी चालू झाली तर पाणी पुढं सरकतच नाय. म्हणून नियम उलटा. पहिली वीस मिनिटं शेवटच्या घराची, तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाय. मग आठवं घर, सातवं, असं करत मागं यायचं. काकासाहेबचं घर सगळ्यात शेवटी. आणि ही बारी पुकारायचं काम दहा वर्षं काकासाहेबच करत होता. गल्लीत उभा राहून, घड्याळात बघून.

मशीनला त्यानं सगळं शिकवलं होतं. थांब म्हणून शिकवलं नव्हतं.

नळाला पहिला थेंब आला आणि मशीन सुरू झाली. पुकारणारा औरंगपुऱ्यात रस पीत होता. मधल्या घरांनी थोडा वेळ वाट बघितली, मग ज्याला जसं सुचलं तशा त्यांनी मोटारी लावल्या. कुणाला चार हंडे मिळाले, कुणाला दोन. शेवटच्या घराला नळाचा फुसफुस आवाज.

आणि त्या घरात राहत आपाची सासू. आठ महिने अंथरुणावर. तिला दिवसातून दोनदा धुवावं लागतं, चादरी बदलाव्या लागतात.

काकासाहेब खाली आला. "आई, बाहेर कुणी हाका मारल्या नाय का?"

"मारल्या असतील. कूलरच्या आवाजात काय ऐकू येतंय? आन् तूच म्हणला ना, काय बी झालं तरी हात लावू नको." मग तिनं त्याचं तोंड बघितलं. "काय झालं?"

त्यानं सांगितलं. चतुराबाई हळूच खुर्चीत बसली. "आगं बाई," एवढंच म्हणाली.

तो शेवटच्या घरापर्यंत गेला. कय्युमभाई, राहत आपाचा नवरा, घरापुढं आपल्या रिक्षात बसून पान लावत होता. त्यानं काकासाहेबच्या खांद्यावरच्या बॅगकडं बघितलं. ती काढून ठेवायचं भानच राहिलं नव्हतं.

"नवी ली क्या? अच्छी है."

"भाई, माझ्यामुळं झालं."

"मालूम." कय्युमभाईनं पान तोंडात टाकलं. "मशीन मस्त बनाया तू. पानी समझती उसको. बारी नै समझती."

आतून राहत आपा आली. पदरानं हात पुसत. हात कोरडेच होते. "जाने दे रे काका. तेरा मन कल के बस में था. होता आदमी से."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

मग काकासाहेबनं गच्चीवरच्या टाकीला पाईप लावला, गल्लीभर सोडला आणि आपाचे चारही ड्रम भरून दिले. टाकी निम्म्याच्या खाली गेली. दोन्ही घरांना आठ दिवस ओढून ताणून काढावे लागणार होते. पाईप गुंडाळत होता तेवढ्यात तात्यासाहेब आले. तिसऱ्या घरातले, एसटीतून रिटायर झालेले. गल्लीत काय ठरवायचं असलं की तेच ठरवतात.

"पाणी दिलंस ते चांगलं केलंस," तात्यासाहेब म्हणाले. "पण ती मशीन काढ. नाय तर नऊ घरांना नऊ लावून दे. मग नऊच्या नऊ एकाच वेळेला सुरू होतील, आन् कय्युमच्या घरी जन्मात पाणी जाणार नाय."

"काढतो, तात्या."

"आन् पुण्याला जायचं ते जा. तुझ्या आईचं पाणी आम्ही भरू. माझ्या शेजारच्या फकिराचा हात चांगला चालतो, तो पाईप चढवील. बारी मी पुकारीन. दम लागतो, पण पुकारीन."

"मी पुकारते," मागून चतुराबाई म्हणाली. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "गुडघे गेलेत माझे. गळा नाय गेला."

सगळे हसले. काकासाहेब पण हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आता अडवणारं कुणीच राहिलं नाय.

त्यानं मशीन काढून खोक्यात भरली.

रविवारी सकाळी आई धपाटे थापत होती. शेंगदाण्याची चटणी डब्यात गेली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली. तीही तिनंच भरली होती, बनियनच्या घड्या घालून. कय्युमभाई बाराला रिक्षा घेऊन येणार होता, बसस्टँडला सोडायला. "पैसे का नाम लिया तो उतार दूंगा," असा दम आदल्या दिवशीच देऊन गेला होता.

दहा वाजता काकासाहेब गच्चीवर गेला. चाकणच्या कंपनीतल्या मॅडमचा नंबर लावला. आपण काय बोलणार आहोत हे त्याला नंबर लावेपर्यंत माहीत नव्हतं. ही गोष्ट नंतर त्यानं कुणाला सांगितली नाय, पण खरी आहे.

"मॅडम, मला उद्या यायला जमणार नाय."

"अहो, आज रविवार आहे. एक दिवस आधी सांगताय? काय झालं?"

"घरी पाण्याचं आहे."

"पाण्याचं म्हणजे?"

त्यानं तोंड उघडलं. कुठून सुरू करावं तेच कळंना.

"बरं," मॅडम म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता. "मग मी यादीतल्या पुढच्याला फोन करते. चालेल ना?"

"चालंल."

सगळं मिनिटभरात झालं. मुकुंदवाडी स्टेशनात एक गाडी थांबली होती, ती निघून गेली. काकासाहेबला हलकं वाटलं. अंगावरून पोतं उतरवल्यावर वाटतं तसं. हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाची त्याला अशी भीती वाटली की तो तिथंच टाकीला टेकून खाली बसला. दहा वर्षं तो समजत होता की आईनं अडवलंय, पाण्यानं अडवलंय. काल सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली. आज त्यानं स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं, आणि लावताना त्याला बरं वाटलं.

तो खाली आला. तव्यावर धपाटं होतं.

"नाय चाललो मी," तो म्हणाला.

चतुराबाईनं मागं बघितलं नाय. "का? त्यांनी नाय म्हणलं?"

"मी म्हणलो."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाय."

तिनं धपाटं उलटलं, दाबलं. कडेचं जळालं तरी दाबतच राहिली. "मी खुंटी हाय का रे," ती म्हणाली, "का तू रोज माझ्यापाशी येऊन बांधून घ्यावं? गल्लीत काल कसं बोलले मी. रात्रभर मनात बारी पुकारून बघितली. आठवं घर, सातवं घर. मला जमत होतं."

बाराला हॉर्न वाजला. "जा," आई म्हणाली, "तुझ्या तोंडानं सांग. मी नाय सांगणार."

कय्युमभाईनं रिक्षाची मागची सीट पुसून काढली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकासाहेब रिकाम्या हातानं बाहेर आलेला बघून त्यानं रिक्षा बंद केली.

"बॅग?"

"नाय चाललो, भाई."

कय्युमभाईच्या तोंडावर हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला त्यानं, आवरलं नाय. "अच्छा हुआ," म्हणाला. "सच्ची बोलूं? अच्छा हुआ."

तिसऱ्या घरातून तात्यासाहेब बाहेर आले, त्यांना कळलं. "बरं झालं बाबा," म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. फकिरा नुकताच उठून दात घासत उभा होता, तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "बरं झालं की." राहत आपानं खिडकीतून विचारलं, नवऱ्यानं सांगितलं, तिनं लांबूनच काकासाहेबवरून हात ओवाळले आणि कानशिलावर बोटं मोडून नजर काढली.

दुपारपर्यंत नऊही घरांना कळलं होतं. सगळे खुश होते. एकही माणूस खोटं बोलत नव्हता. काकासाहेब प्रत्येकाला हो, हो म्हणत गल्लीतून परत आला. घरात बॅग दाराशी तशीच होती. आईनं त्याच्यासाठी ताट वाढलं होतं, प्रवासाच्या डब्यातलेच धपाटे, आणि त्याच्याकडं पाठ करून बसली होती. तो जेवायला बसला.