जप्त शिडीचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. बांबूची, अकरा पायऱ्यांची. सध्या सरकारी कोठडीत असते. आरोप आहे भिंतीला टेकून उभे राहण्याचा. तो मी कबूल केला आहे, कारण मला दुसरे काही येतच नाही.

ज्या घरात मी वाढले, तिथे नवरा-बायको दोघेही रंगातले. बायको सकाळी गावातल्या भिंतींवर सरकारला बोचतील अशी चित्रे काढी. नवरा कचेरीत नोकरीला; तो दुपारी ती पुसून येई. शिडी मात्र घरात एकच. सकाळी मी बंड करायची आणि जेवणानंतर सुव्यवस्था राखायची. संसार सुखाचा होता.

मग कचेरीने दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद करायचे ठरवले. सोमवारी कुलूप लागणार होते. पुढचा दवाखाना बसने तीन तासांवर, आणि आमच्या घरात नणंदेला आठवा महिना लागलेला. त्या सकाळी तीच मला खालून धरून उभी होती.

"वहिनी, चित्रातली बाई फारच जाडी झालीय."

"तुझ्याकडे बघूनच काढलीय. हलू नकोस, पडेन मी."

चित्राशेजारी लाल अक्षरे उमटली : 'कुलूप लावाल, पण कळा थांबवाल का?'

दुपारी नवरा हुकूम घेऊन आला : भिंतीवरील मजकूर पांढऱ्या रंगाने झाकावा. काटकसर म्हणून रंग दिला होता अर्धी बादली. एरवी तो अख्खी भिंत रंगवी. त्या दिवशी त्याने डोके खाजवले, बारीक ब्रश घेतला आणि फक्त अक्षरे झाकली. एकही काना-मात्रा सोडली नाही. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर लाल अक्षरे जवळूनच दिसत. पांढरी चौकातून दिसू लागली.

साहेब धावत आले. "हे काय केलंत?"

"मजकूर झाकला, साहेब. सगळा."

"अहो, वाचता येतोय तो!"

"रंग तेवढाच होता, साहेब. चूक झाली."

रस्त्यापलीकडून बायको ओरडली, "माझी अक्षरं वाकडी होती हो, यांनी सरळ केली!"

गर्दी हसली. गर्दी जप्त करता येईना, म्हणून साहेबांनी मला जप्त केले आणि दवाखान्याच्या अडगळीत टाकले. खिडकीतून भिंत दिसते. रविवारी बायका एकमेकींच्या खांद्यांवर चढल्या आणि मी कधी पोहोचले नव्हते तिथपर्यंत रंगवून गेल्या. पुसायचा हुकूम आला तेव्हा नवऱ्याने लेखी कळवले : शिडी आपल्याच ताब्यात आहे.

सोमवारी कुलूप घेऊन माणूस आला. दारात चाळीस बाया बसलेल्या, सगळ्यांत पुढे नणंद, पाय पसरून. "बघताय काय? उठायला मला अर्धा तास लागतो," ती म्हणाली. तो कुलूप घेऊन परत गेला. पुन्हा येणार आहे म्हणे.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूने 'माझी काळजी घ्या' म्हणायचे असते. माझी घेऊ नका. मला वाळवी लागली तरी चालेल. मला सोडवायला याल, तर आधी त्या दारात जाऊन बसा. तिथली एकही जागा रिकामी राहू देऊ नका. मी काय, इथेच आहे.