मागावरची शेपटं

साहेबांनी कात्री भाचीपुढे केली.

संग्रहालय कसलं, दोन खोल्या! एकीत मोच्याचे लाकडी साचे, कुंभाराचं चाक, सुताराचे रंधे. दुसरीत आत्याचा माग. गावातला शेवटचा. दोन वर्षं दारोदार फिरून भाचीनं हे सगळं जमवलेलं. सोमवारी उद्घाटन, आणि आज वरच्या ऑफिसातून साहेब तपासणीला.

"ही काय जळमटं लोंबतायत?"

मागात आठशे धाग्यांची वीतवीतभर शेपटं. मळकट, धुळीनं माखलेली.

"जळमटं नाहीत हो. कापड उतरवलं तरी शेपटं मागातच ठेवतात. नवे धागे त्यांनाच गाठून आत ओढायचे. कुठला धागा मागाच्या कुठल्या डोळ्यातून ओवायचा, ते त्यांच्यातच आहे. कापली की आत्याची नक्षी गेली."

"कागदावर उतरवलेली नाही?"

"मी काय परीक्षेला बसले होते?" कोपऱ्यातून आत्या कडाडली. ऐंशी उलटलेली, नजर गेलेली, जिभेला मात्र धार.

"मग आजी, पुन्हा ओवून घ्या."

"डोळे द्या तुमचे, ओवते!"

साहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "अशी घाण दिसली तर मंजुरी नाही. सोमवारी दाराला कुलूप. बघा काय ते."

भाचीनं कात्री घेतली. दोन वर्षं डोळ्यांपुढून सर्रकन गेली. कापलं तर उद्घाटन होणार. फोटो येणार, लोक येणार. आणि बघणार काय? लाकडाचा सांगाडा, पॉलिश मारलेला.

तिनं कपाटातून सुताचं रीळ काढलं. कच्चकन नवा धागा कापला, मागावर बसली आणि पहिल्या शेपटाला गाठ मारली.

"हे काय चाललंय?"

"तुम्हाला लोंबलेलं नको ना? कापड दिसेल आता."

"संग्रहालयात काम करायचं नसतं, मॅडम!"

"मग लावा कुलूप. आम्ही आतच आहोत."

आत्या काठी टेकत आली. गाठ बोटांनी चाचपली. "ढिली आहे. सोड, परत मार."

भाचीनं सोडली, परत मारली. साहेब तिथेच उभ्याउभ्या नामंजुरीचा शेरा खरडायला लागले. आत्यानं दुसरं शेपूट चिमटीत धरलं.

"लिहून झालं की दार लोटून घ्या हो," ती म्हणाली. "वाऱ्यानं धागे उडतात."