आठ बेवारस आकडे

ही गोष्ट २००३ सालची. त्या वर्षी मी अठ्ठावन्न वर्षांची होते, छापखान्यातली माझी नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती, आणि आमच्या घरात मधुमेह फक्त मांजराला आहे अशी सगळ्यांची समजूत होती.

मांजराचं नाव बॅरिस्टर. अंगानं काळाकुळीत, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, आणि घरात कितीही भांडण पेटलं तरी फी मिळाल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. फी म्हणजे मासा. त्या उन्हाळ्यात तो वाटीमागून वाटी पाणी संपवू लागला, दोघांचं खाऊनही वाळत चालला, आणि मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकून चालायला लागला, चप्पल चावल्यावर माणूस चालतो तसा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "काकू, साखर चारशेच्या वर आहे. रोज दोनदा इन्सुलिन. बारा-बारा तासांनी. आधी कानाच्या कडेला टोचून रक्त तपासायचं, मग खाणं, मग सुई. जमेल?"

"न जमायला काय झालं," मी म्हटलं. घरी येईपर्यंत तीनदा परत फिरावंसं वाटलं.

पण कामं वाटून घेतल्यावर जमलं. कान टोचायचं काम आमच्या ह्यांचं. हे वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. अख्खी नोकरी दुकानदारांचे तराजू पकडण्यात गेली, त्यामुळे घरात मोजण्यासारखी वस्तू आली की ह्यांना तरतरी यायची. बॅरिस्टरचं खाणं ते काट्यावर ग्रॅममध्ये तोलायचे. सुई द्यायचं काम माझं: बाटली हलवायची नाही, तळव्यांमध्ये हलकेच फिरवायची, चष्मा लावून अर्ध्या युनिटची रेघ शोधायची, पाठीवरची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि सुई आत. आणि मांजर धरायचं काम वन्संचं. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. सहासष्ट वर्षांच्या, विधवा, दहा वर्षांपासून आमच्याकडेच. धरणं म्हणजे काय, पहिल्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातावर नकाशा उमटला.

"अरे, याला पिशवीत घाला कुणीतरी," वन्सं म्हणाल्या.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंपीमास्तरांना बोलावलं. विधुर, पासष्टीचे, गळ्यात कायम टेप. त्यांनी बॅरिस्टरची मापं घेतली आणि जाड कापडाची पिशवी शिवली, फक्त डोकं बाहेर राहील अशी. मग ती गळ्याशी सैल झाली म्हणून पुन्हा आले. मग पोटाशी घट्ट झाली म्हणून. हे मला म्हणाले, "माझ्या लग्नाच्या कोटाला एकदाच मापं घेतली होती. या मांजराची चौथी वेळ." मी म्हटलं, "अहो, मास्तर मांजराचं माप घेत नाहीयेत." हे बिचारे तराजूतली खोट पकडणारे, माणसांतली ह्यांना कधी कळली नाही. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

साखर तपासायचं यंत्र तळहाताएवढं होतं. त्यात पट्टी खुपसायची, रक्ताचा थेंब लावायचा, की आकडा. जुने आकडे ते लक्षात ठेवायचं. वेळही ठेवायचं, पण त्याचं घड्याळ लावायला कुणालाच जमलं नव्हतं. यंत्राला आठवण आहे म्हटल्यावर आम्ही आळशी झालो. रोज वहीत लिहिण्याऐवजी शनिवारी दुपारी एकदम लिहायचं ठरलं. हे यंत्रातले आकडे क्रमानं वाचायचे, मी लिहून घ्यायची. छापखान्यातही असंच: एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं मुद्रित तपासायचं. मी तिथं तीस वर्षं वेळापत्रकं आणि कोष्टकं तपासली. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की मूळ प्रतीत जे आहे ते बरोबर. त्यावर शंका घेणं आपलं काम नाही.

त्या नियमानं मांजर मारायची पाळी आणली होती.

दर रविवारी मी डॉक्टरीणबाईंना फोनवर आठवड्याचे आकडे सांगायची. पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, "मध्येच तीनशेच्या वर जातंय. एकाचं दीड करा." दुसऱ्या रविवारी, "अजून जातंय. दोन करा." बॅरिस्टर मात्र दिसायला छान होत चालला होता. पाणी कमी, टाचा वर. मी म्हटलंही, "दिसतोय तर बरा." त्या म्हणाल्या, "काकू, दिसण्यावर जाऊ नका, आकड्यांवर जा." आकड्यांवर जायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिसऱ्या रविवारी सकाळी सातला सुई दिली आणि साडेनवाला बॅरिस्टर कपाटावरून उडी मारायला गेला तो पडलाच. उठला, दारू प्यायल्यासारखा दोन पावलं चालला आणि आडवा झाला. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. ह्यांनी कान टोचला. एक्केचाळीस.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं तसा मी बोटानं त्याच्या हिरड्यांना मध चोळला. वन्सं त्याला मांडीवर घेऊन बसल्या, पिशवीशिवाय, आणि तो ओरबाडत नव्हता याचीच भीती वाटत होती. वीस मिनिटांनी त्यानं माझं बोट चावलं. इतकं बरं मला कुणी चावल्यावर कधी वाटलं नव्हतं.

अकराला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. तरुण मुलगी, पण आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. मांजराला तपासलं, खायला घातलं, आणि वही आणि यंत्र घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. नेमके तेव्हाच मास्तर पिशवीचा बंद बदलायला आले होते, त्यांनाही बसवलं.

"मी रोज दोन वेळा तपासायला सांगितलं. म्हणजे तीन आठवड्यांचे किती?"

"बेचाळीस," हे म्हणाले. हिशेबाला हे कधी चुकले नाहीत.

"यंत्रात आजचे सोडून पन्नास आहेत. मला वाटलं, काकू कष्टाळू आहेत, जास्त वेळा तपासतात."

"मला वाटलं, हे तपासतात," मी म्हटलं.

"मला वाटलं, ही," हे म्हणाले.

"म्हणजे आठ आकडे बेवारस आहेत. आज संध्याकाळची सुई बंद. उद्या सकाळी याला किती द्यायचं ते मी इथं बसून ठरवणार, आणि कुठले आकडे याचे ते कळल्याशिवाय मला ठरवता येणार नाही. जास्त दिलं तर पुन्हा असाच पडेल, आणि तेव्हा घरी कुणी नसेल. कमी दिलं तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. तेव्हा लाज बाजूला ठेवा." त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. "एकशे अठरा. कोणाचा?"

बॅरिस्टर टेबलाखाली पंजा चाटत होता.

"माझा," हे म्हणाले. "मांजराशी तुलना करून बघत होतो."

ह्यांचे तीन निघाले. तिन्ही सव्वाशेच्या आत, आणि ते सांगताना ह्यांची छाती फुगत होती.

"तीनशे बारा."

वन्संनी टेबलक्लॉथची सुरकुती नीट केली. "बॅरिस्टरचा असेल."

"मावशी, त्याच्या आधीचा एकशे सत्तर आहे आणि नंतरचा एकशे साठ. मांजर मध्येच तीनशेवर जाऊन चहा पिऊन परत येत नाही."

"मग माझा," वन्सं म्हणाल्या. "आणि तो पुढचा दोनशे नव्वदचाही माझाच. आणि त्या दोन्हींच्या खालचे एकेक मास्तरांचे."

ह्यांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेप बोटाभोवती गुंडाळत होते.

"ताई, मास्तरांचं रक्त आमच्या यंत्रात कसं आलं?"

"मी टोचलं. दुपारी तू झोपतोस तेव्हा. त्यांना चक्कर येत होती, दवाखान्यात जायला घाबरतात. मी म्हटलं, आधी मी टोचून घेते, दुखत नाही ते दाखवते."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा त्यांनी मला दाखवलं," वन्सं म्हणाल्या आणि लाल झाल्या. सहासष्टाव्या वर्षी माणूस इतकं लाल होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. लोक एकमेकांना फुलं देतात. या दोघांनी एकमेकांना सुया टोचल्या होत्या.

"सात झाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक उरला. दोनशे चौऱ्याहत्तर, याच आठवड्यातला, गुरुवार-शुक्रवारच्या सुमाराचा. हाच महत्त्वाचा. हा मांजराचा असेल तर दोन युनिट घेऊनही त्याची साखर चढत होती, म्हणजे आजचं पडणं वेगळ्या कारणानं, मी डोस फारसा उतरवणार नाही. त्याचा नसेल तर थेट एकावर आणीन. काकू, वही तुमची. सांगा."

तो माझा होता.

गुरुवारी छापखान्यातून लवकर आले होते. कित्येक महिने घसा कोरडा पडायचा, रात्री चारदा उठावं लागायचं, आणि बॅरिस्टरची लक्षणं सांगताना डॉक्टरीणबाई माझीच सांगताहेत असं वाटायचं. घरात कुणी नव्हतं. टोचलं, पाहिलं, आणि यंत्र जागच्या जागी ठेवून भाजी चिरायला बसले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होतं. शनिवारी हे वाचत गेले, "दोनशे चौऱ्याहत्तर," आणि मी ते मांजराच्या नावावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. हेही त्याच बैठकीत स्वतःचे तीन आकडे खणखणीत आवाजात मांजराच्या नावानं वाचत होते, पण त्यांचे आकडे मारक नव्हते. माझा होता.

टेबलाखाली बॅरिस्टर माझ्या पायाला घासून गेला.

"त्याचा नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. एकावर आणा."

"मग कोणाचा?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, आजही ठाऊक नाही. त्याआधी हे म्हणाले, "माझा."

"काका, तुमचे तिन्ही सव्वाशेच्या आत आहेत."

"त्या दिवशी जाम खाल्ला होता. बाटलीभर."

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वहीत तो आकडा खोडला. "बॅरिस्टर उद्यापासून एक युनिट. आणि तुम्ही तिघंही उद्याच माणसांच्या डॉक्टरकडे."

सगळे गेल्यावर हे पिशवीची घडी घालत म्हणाले, "गुरुवारी यंत्राच्या डबीला झाकण होतं. या घरात डबीला झाकण लावणारी तू एकटीच."

मी वही कपाटात ठेवली.

"तीन आठवडे तुझ्यासाठी बिनसाखरेचा चहा पितो. तेवढ्यात जाऊन ये. नाहीतर ताईला सांगीन."

वन्संना सांगण्याची धमकी कामी आली. मी एकोणिसाव्या दिवशी गेले. दोन दिवस शिल्लक ठेवले, तेवढा मान हवाच.

आता कोण कुठं, ते सांगते. बॅरिस्टर एका युनिटावर इतका सुधारला की सहा महिन्यांनी सुई पूर्ण बंद झाली, आणि पुढं सात वर्षं तो कपाटावर बसून मला, वन्संना आणि मास्तरांना सुया टोचून घेताना पाहत राहिला. डॉक्टरीणबाईंनी पुढं मोठा दवाखाना काढला. घरी यंत्र नेणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी विचारतात, घरात माणसं किती. ह्यांची साखर शेवटपर्यंत सव्वाशेच्या आत राहिली. ह्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही, पण वाद हरायला लागले की हळूच "दोनशे चौऱ्याहत्तर" म्हणायचे आणि मी विषय सोडायची. असे बारा वर्षांत त्यांनी निदान शंभर वाद जिंकले. हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी रोज दोनदा इन्सुलिन घेते, पोटाला.

वन्संनी पुढच्याच वर्षी मास्तरांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. हे साक्षीदार होते आणि सही करताना म्हणाले की मापं जुळली एकदाची. मास्तर अकरा वर्षं सुखात जगले. वन्सं अजून आहेत. रोज सकाळी आम्ही फोनवर एकमेकींना आपला आकडा सांगतो. त्या पन्नास कमी करून सांगतात, हे मला माहीत आहे. मी चाळीसच कमी करते.