फतूहच्या ढाबळीचा लिलाव

फतूहने दोन वर्षं मुलीची, जनाची, पोटगी दिली नाही. गच्चीवरच्या कबुतरांना मात्र मसूर एक दिवस चुकला नाही. मुलीचं नाव शाळेतून काढायची वेळ आली, तेव्हा त्याच्या घटस्फोटित बायकोने, इन्शिराहने, कोर्टातून त्याची कबुतरंच जप्त करवली. सदतीस.

पहिला लिलाव रद्द झाला. नोटीस खालच्या दारावर डकवलेली, आणि फतूह महिनाभर शेजारच्या बयूमीच्या गच्चीवरून उडी मारून घरी येत होता. न्यायाधीश म्हणाले, याला कळलंच नाही, तर विकायचं कसं?

दुसऱ्यांदा इन्शिराहने दोन पंच उभे केले आणि बेलिफ लमईसाहेबांकडून नोटीस त्याच्या हातात देववली.

"वाच. मोठ्याने. तारीखही वाच," इन्शिराह म्हणाली.

फतूहने वाचली. पण ऐन लिलावाच्या दुपारी काठीला फडकं बांधून थवा उडवला, त्यात बयूमीचाही ओढला. खाली उतरली एकावन्न.

"यातली चौदा माझी!" बयूमी ओरडला.

"कुठली?" लमईसाहेबांनी विचारलं.

"ती... पांढरी."

पांढरी तेवीस होती. लिलाव थांबला.

"सोड, उम्म जना, जनाच्या आई," इन्शिराहचा वकील तिला म्हणाला. "कबुतरं काय कोर्टाला जुमानतात?"

"दिवस मावळला की जुमानतात. जो तो आपल्या ढाबळीत जातो. लिलाव संध्याकाळी ठेवायला सांगा. बयूमीचं एक पीसही मला नको, नाहीतर उद्या तो कोर्टात जाईल."

कोर्टाने मानलं. नवी नोटीस पुन्हा हातोहात दिली, आणि एक प्रत कबुतरांच्या बाजारातही लागली. आख्ख्या तांता शहरातले शौकीन गच्चीवर जमले.

सूर्य टेकला. बयूमीची बयूमीकडे गेली. लमईसाहेबांनी मोजली. छत्तीस.

"यादीत सदतीस!" फतूहने टाळी वाजवली. "रद्द!"

साहेबांनी परत मोजली. छत्तीसच. घाम पुसायला त्यांनी हात वर नेला.

"साहेब, हलू नका," इन्शिराह म्हणाली. "ते तुमच्या टोपीवर आहे."

बोली सुरू झाली. बाजारवाले पक्के. एकाने तांबडा नर उलटापालटा केला. "रोगट दिसतोय. वीस पौंड."

"रोगट?" फतूह उसळला. "अरे आंधळ्या, हा अलेक्झांड्रियाहून दीड तासात घरी आलाय!"

"असं? मग तीनशे."

"तीनशेत याची शेपटी येईल!"

नऊशेला गेला. पुढच्या प्रत्येक पाखराचं घराणं फतूहने स्वतः सांगितलं, हातवारे करकरून. लमईसाहेबांना लिहायला कागद पुरेना.

बाविसावं विकलं तेव्हा इन्शिराहने हात वर केला. "बास, साहेब. थकलेली पोटगी वसूल झाली. उरलेली त्याची."

"बास काय?" फतूह हातात काळी मादी धरून ओरडला. "हिला तर अजून कुणी पाहिलंसुद्धा नाही!"

इन्शिराहने पावतीवर सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"जपून ठेव तिला," ती म्हणाली. "पोटगी दर महिन्याला असते."