पोछ्याखालची पिल्लं

तापलेल्या दिव्यावर ओलं फडकं फिरवू नये, एवढं मला कळतं. तरी फिरवलं. कारण मी रागात होते, आणि रागात असले की मी दिसेल ते पुसत सुटते. टच्च आवाज झाला. काचा नशिबाने खोक्याबाहेर पडल्या, पण परवाच अंड्यातून बाहेर आलेल्या नऊ पिल्लांची ऊब गेली.

पिल्लं बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस सासूबाई गेल्यापासून आठ महिने खिडकीपाशी खुर्चीत नुसता बसून होता. तोंड उघडायचे ते माझ्या चुका काढायला. मग एके दिवशी कुठूनशी कोंबडीची अंडी आणली, स्वतःच्या हाताने उबवायची पेटी बनवली, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली आणि नेमाने ती उलटीपालटी करत राहिले. पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा ते हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आणि काल आम्ही भांडलो. कशावरून? पोछ्यावरून. त्यांनी न विचारता लांब सुती दोऱ्यांचा एक भलामोठा पोछा आणला. मी म्हटलं, "हा ठेवायचा कुठे, माझ्या डोक्यावर? परत देऊन या." तेव्हापासून अबोला. सकाळी ते पिल्लांचं खाद्य आणायला गेले, तेही न सांगता. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "ऊब आणि उबग, फरक एका ग चा. आणि या घरात ग ची बाधा सगळ्यांनाच."

घरात तसला ऊब देणारा दुसरा दिवा नव्हता. कोपऱ्यावरचं दुकान बंद. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून असा आकांत करत होती की मला काही सुचेना. एक जरी दगावलं तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि या वेळी उठायचे नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पाणी तापवलं. काचेच्या तीन बाटल्या भरल्या, त्यांना नवऱ्याचे लोकरी मोजे चढवले आणि खोक्यात आडव्या ठेवल्या. पिल्लं बाटल्यांना चिकटली, पण ओरडायची थांबेनात. पोट शेकत होतं, पाठ उघडीच. कोंबडी काही पिल्लांच्या शेजारी झोपत नाही, वरून पंख पांघरते. आता पंख कुठून आणू?

दाराआडून पोछा माझ्याकडे बघत होता.

त्याचा गोंडा काढला, लाकडी पट्टीला बांधला आणि पट्टी खोक्यावर आडवी टाकली. दोऱ्या थेट बाटल्यांवर लोंबल्या. एका पिल्लाने डोकं आत घातलं, मग दुसऱ्याने. बघता बघता नऊच्या नऊ आत गडप झाली. फुटलेल्या काचा गोळा करून आले, तर खोक्यातून चूं नाही की चां नाही.

मेली सगळी, मला वाटलं. दोऱ्या बाजूला केल्या. आत गरमगरम मऊ गर्दी होती, आणि तिच्यातून कुणीतरी माझ्या बोटाला चोच मारली. झोपमोड झाली होती बिचाऱ्याची. मी तिथेच फरशीवर बसले आणि एकटीच हसत सुटले.

तशीच बसले असताना बाबा आले. एका हातात खाद्याची पिशवी, नजर थेट खोक्यावर.

"दिवा?"

थाप मारता आली असती. पण ग गिळला. "मी फोडला. पुसता पुसता. आणि काल बोलले तेही चुकलंच माझं."

बाबा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, घड्याळ ऐकावं तसा कान पोछ्याला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग खिशातून नवा कोरा दिवा काढला. "असावा एक जास्तीचा, म्हणून घेतला होता."

एवढा जीव टांगणीला लावला, आणि दिवा यांच्या खिशात! मी तो लावायला हात पुढे केला, पण त्यांनी दिवा टेबलाच्या खणात ठेवून दिला.

"राहू दे. झोपलीत. पाणी किती वेळाने बदलायचं?"

"दोन तासांनी."

त्यांनी मनगटावर पाहिलं. "म्हणजे पावणेएक. ती पाळी माझी."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, नऊ पिल्लांचा आणि एका सासऱ्याचा. बाबा पोछ्याचा उघडा दांडा हातात घेऊन उभे राहिले.

"आता फरशी कशाने पुसणार तू?"

"राहू दे आज फरशी," मी म्हटलं.