खिडकीवरची फुली

मोहनसिंग राठोडांच्या घरी दिवाळीला एक पाहुणा न चुकता यायचा आणि तो म्हणजे जहाज. जवळा बाजारपासून दोन कोस आत असलेला तांडा तो. तिथं मोठं पाणी म्हणजे पाझर तलाव, आणि तोही उन्हाळ्यात तळाला जायचा. अशा ठिकाणी जहाजाला ओवाळणारं दुसरं घर सापडायचं नाही.

जहाज वीतभरच होतं, पोस्टकार्डावर छापलेलं. पांढरंशुभ्र, तीन धुराडी, खिडक्यांच्या एकाखाली एक रांगा. सगळ्यात वरच्या रांगेतल्या एका खिडकीवर शाईनं फुली मारलेली. एरवी ते मोहनसिंगांच्या पेटीत धोतराच्या घडीत असायचं. दिवाळीला तेवढं कोनाड्यात यायचं.

मोहनसिंगांचे वडील किसनसिंग बेचाळीस साली या जहाजातून लढाईला गेले. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घालणाऱ्यांचं हे घराणं. जनावर नुसतं हाकेवर चालवायचं हे रक्तातच. भरतीवाल्यांनी किसनसिंगांना बाजारात एक आडदांड गोऱ्हा आवरताना पाहिलं आणि खेचरांच्या पलटणीत घेतलं. तेव्हा मोहनसिंग आईच्या पोटात होते. मुंबईहून हे कार्ड आलं. मागं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, ‘फुली आहे तिथे मी झोपतो. वारा चांगला येतो. काळजी करू नये.’ पुढं काहीच आलं नाही.

आई, म्हणजे तांड्याच्या बोलीत याडी, नानीबाई तिचं नाव. ती वाट बघत राहिली. मोहनसिंग पाच वर्षांचे असताना खाकी कोट घातलेला एक माणूस तांड्यावर आला. लिंबाखाली बसून याडीशी बराच वेळ बोलला, एक घोंगडी देऊन गेला. याडी घरात आली, लेकराला जवळ घेतलं आणि म्हणाली, “तुझ्या बाचं जहाज येऊन राहिलं. लांबून येतंय, येळ लागंल.” झालं! मोहनसिंगांना ते वाक्य आयुष्यभर पुरलं.

आता तांड्यावरची दिवाळी कशी असते ते सांगायला हवं. अवसेच्या संध्याकाळी लग्न न झालेल्या पोरी दिवे घेऊन घरोघर फिरतात. घरातल्या एकेकाला नात्यानं हाक मारून ‘मेरा’ म्हणतात, त्याचं वर्ष सुखाचं जावो असं मागतात. मेरा जित्या माणसाला. दुसऱ्या दिवशी सकाळी असतो धबुकार. निखाऱ्यांवर तूप नि लापशी सोडायची, आणि गेलेल्यांची एकेक नावं घ्यायची. नानीबाई पोरींना कोनाड्यापुढं उभं करायची आणि दरडावायची, “माझ्या धन्यालाबी मेरा म्हणा गं!” धबुकारात मात्र त्याचं नाव तिनं कधी येऊ दिलं नाही. दंडावरचा चुडा उतरवला नाही, आणि पंच्याण्णव साली गेली तेव्हा चुड्यासकटच सरणावर चढली.

धबुकारात तिची आणखी एक खोड होती. सगळी नावं संपली की लेकाच्या हातात ती शेवटची एक पळी भरून द्यायची आणि म्हणायची, “ही बिननावाची. ज्यांचं कोणी न्हाई त्यांची.” मोहनसिंगांनी तीही पुढं चालवली. काहून, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आई सांगते तर करायचं, असा त्यांचा सरळ हिशोब.

यंदा त्यांना ब्याऐंशी पुरी झाली. आषाढात नांदेडच्या डॉक्टरनं छातीला यंत्रं लावून तोंड वाकडं केलं, तेव्हापासून म्हाताऱ्याच्या मनानं एकच घेतलं होतं. आपण गेलो की बाचं काय? पोरं कार्ड पेटीतच विसरतील. मग त्याला ना मेरा, ना धबुकार. जित्यातही नाही आणि मेलेल्यातही नाही. बरं, आपणच नाव निखाऱ्यावर घ्यावं, तर चुड्यानिशी गेलेल्या याडीला तीस वर्षांनी आपल्याच तोंडानं रांडाव करायचं?

शेवटी त्यांनी रीताला गाठलं. ही नात हिंगोलीला शाळेत इतिहास शिकवते. “बाई, राजे-महाराजे लई शिकवलेस. आता घरच्या माणसाचा पता लाव.”

रीतानं लावला. कार्डावर जहाजाचं नाव होतं. जुन्या जहाजांची दप्तरं सांभाळणारी कुठलीशी संस्था तिनं विलायतेत हुडकली, तीन महिने पत्रं लिहिली. अवसेच्या दुपारी ती तांड्यावर आली ती कागदांची पिशवी घेऊनच. पाठोपाठ तिचा भाऊ विकासही आला.

“दादा, हे जहाज श्रीमंतांसाठी बांधलं होतं,” रीता सांगू लागली. दादा म्हणजे आजोबा. “नाचायचे दिवाणखाने, पोहायचा हौद. लढाई लागली तसं सगळं काढून टाकलं. करड्या रंगानं रंगवलं, खिडक्या काळ्या केल्या. हौदात बाजा ठोकल्या, दिवाणखान्याचा दवाखाना केला. हजाराच्या जागी चार हजार माणसं. मुंबई ते सुएझ, चार वर्षांत एकोणीस खेपा.”

“म्हंजे मुंबईला परत येत व्हतं?”

“येत होतं, दादा.”

एकोणीस वेळा जहाज परत आलं होतं आणि इथं याडी लिंबाखाली उभी होती.

“आता कुठं हाय ते?”

“मोडून टाकलं. सत्तावन्न साली. भंगारात.” रीतानं शेवटचा कागद हातात धरला, पण तिला वाचवेना. मग एका दमात वाचला. “बेचाळीसचा जून. सुएझच्या अलीकडं तापानं चौघं गेले. समुद्रात दिले. त्यातलं तिसरं नाव, किसनसिंग, खेचर पलटण.”

विकास इतका वेळ कार्ड निरखत होता. पोरगं मनानं चांगलं, पण जिभेला लगाम नाही. “दादा, ही फुली चूक हाय. वरच्या खिडक्या सायबांच्या. रीतानंच दाखवला मला नकाशा. आपले लोक पार तळाला, पाण्याच्या खाली. तिथं खिडकीच न्हाई. वाराबी न्हाई.”

रीतानं त्याला कोपरानं ढोसलं. पण मोहनसिंगांनी कार्ड हातात घेतलं. त्यांची याडी उभ्या आयुष्यात दार लावून झोपली नव्हती. थंडी असो, पाऊस असो, दार उघडं. कोंडल्या जागी तिचा जीव घाबरायचा, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला ठाऊक नसेल?

बावीस वर्षांचं पोरगं ते. बायको पोटुशी. पाण्याखालच्या अंधारात चार हजारांत कोंबलेलं. कुणाची तरी लेखणी मागून घेतली असेल आणि सगळ्यात वरची, सगळ्यात चांगली खिडकी निवडून तिच्यावर फुली मारली. वारा चांगला येतो म्हणे!

“लबाड,” मोहनसिंग म्हणाले, आणि ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस ढसाढसा रडू लागला. आजवर त्यांना जहाज होतं. बाप आज भेटला, आणि तो नातवापेक्षाही लहान होता. त्यांना त्याची इतकी माया आली की समोर असता तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला असता.

संध्याकाळी पोरी दिवे घेऊन आल्या. मोहनसिंगांना मेरा म्हणाल्या आणि सवयीनं कोनाड्याकडं वळल्या. त्यांना अडवायचं मोहनसिंगांच्या जिवावर आलं. म्हटलं, म्हणू दे. सुनेकडून तेल मागून घेऊन त्यांनी सगळ्यांच्या दिव्यांत घातलं.

सकाळी अंगणात निखारे फुलले. घरचे मागं उभे राहिले. मोहनसिंगांनी तुपाची धार सोडली, लापशी सोडली. आजा रूपसिंग, चुलता प्रेमसिंग, एकेक नाव झालं. मग याडी, नानीबाई. इथं हात थांबला. पुढचं नाव घ्यावं तर तिचा चुडा डोळ्यांपुढं येई.

रीता पुढं झाली, दरवर्षीची ती शेवटची पळी भरून तिनं आजोबांच्या हातात दिली आणि सवयीनं म्हणाली, “दादा, बिननावाची.”

मोहनसिंग पळीकडं पाहत राहिले. ही पळी सुरू झाली कधी? ते आठवू लागले. खाकी कोटवाला आला त्या दिवाळीला. नवी घोंगडी अंगावर होती, ती निखाऱ्यात जाईल म्हणून याडीनं मागून ओढून धरली होती. त्याच्या आदल्या वर्षी ही पळी नव्हती.

“रीता,” ते हळूच म्हणाले, “तिला ठावं व्हतं गं.”

“कुणाला, दादा?”

“याडीला. त्या मानसानं लिंबाखाली सगळं सांगितलं आसंल. बानं तिच्यापासून अंधार लपवला, आन् तिनं माझ्यापासून मरण. आगं, अठ्ठेचाळीस वर्सं जेवू घालत व्हती त्याला, माझ्याच हातानं!”

आता कुणाला रांडाव करायचं राहिलं नव्हतं. तिनं ते सारं पाच वर्षांच्या लेकरासमोर हसत्या तोंडानं कधीच सोसलं होतं. मोहनसिंगांनी पळी निखाऱ्यांवर धरली आणि तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं, “बा, किसनसिंग! याडीसंगं जेव.” लापशी चरचरली, धूर सरळ वर गेला. मागं सून डोळ्याला पदर लावून उभी होती.

विकास परात उचलायला वाकला. मोहनसिंगांनी त्याचा हात धरला.

“थांब. आजून एक भर.”

“आता कोणाची, दादा? सगळी नावं झाली की.”

“बिननावाची,” मोहनसिंग म्हणाले. “त्याच्यासंगं तळाला व्हते त्यांची.”